किमचीच्या डब्यातलं पाणी

२४ सप्टेंबर २००६, रविवार

आज संध्याकाळी हानसोलशी बोलणं झालं. ‘झालं’ हा शब्द बरोबर आहे की नाही, माहीत नाही. पडद्यावर ती आली. केस खांद्यापर्यंत कापलेले दिसले. मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, “बाबा, तुमच्याकडे काय गुरगुरतंय? मला काही ऐकूच येत नाही.”

मी म्हटलं, कॉम्प्युटरचा पंखा आहे.

“काय?”

मी ओरडून सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ दे, पुढच्या रविवारी बोलू,” आणि पडद्यावर माझाच चेहरा उरला.

पंख्याचा आवाज आहे, हे खरं. हा कॉम्प्युटर हानसोल पाचवीत असताना तिच्याच हट्टाने घेतला होता. त्याचा प्रोसेसर तव्यासारखा तापतो आणि त्याच्यावर बसवलेला पंखा त्याला थंड ठेवण्यासाठी जिवाच्या आकांताने फिरतो. मोकदोंगच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये तो तिच्या खोलीत, बंद दाराआड असायचा. ती आणि तिची आई ऑकलंडला गेल्यावर फ्लॅट सोडला आणि मी मांगवनदोंगमधल्या या एका खोलीत आलो. इथे दार एकच आहे, आणि ते रस्त्यावर उघडतं.

मुलांच्या इंग्रजी शाळेसाठी आई त्यांच्याबरोबर परदेशी आणि बाप इथे नोकरीला, अशी घरं आता आमच्या ऑफिसातही बरीच झाली आहेत. आम्हाला लोक रानहंस बाप म्हणतात. रानहंस पिलांसाठी समुद्र ओलांडतो, म्हणून. मी दीड वर्षात एकदाच ओलांडला आहे.

डिसेंबरात तिकडे उन्हाळा, शाळेला मोठी सुट्टी. हानसोल घरी येणार का, असं तिच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, “अहो, ते तुम्ही तिलाच विचारा. तिचं तिला ठरवू द्या.” तिकीट नोव्हेंबर संपायच्या आत काढायला हवं. म्हणजे मला एकच प्रश्न विचारायचा आहे, आणि तेवढ्यापुरतीही शांतता या खोलीत नाही.

एक राहिलं. जाईपर्यंत ती मला ‘अरे बाबा’ म्हणायची. आता ‘तुम्ही’ म्हणते. तिथल्या शनिवारच्या कोरियन शाळेत वळण लावत असतील.

२६ सप्टेंबर, मंगळवार

माझी मोठी बहीण फोनवर म्हणाली, “मग साधा फोन कर की. दोन वाक्यांचं काम.”

फोनवर हानसोल ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढंच बोलते. आणि हा प्रश्न मला चेहरा बघून विचारायचा आहे. ती हो म्हणाली, तर ते मनापासून आहे की मला वाईट वाटू नये म्हणून, हे चेहऱ्यावरच कळेल.

हे लिहून झाल्यावर शंका आली की मी फोन टाळतोय का. बराच विचार केला. टाळत नसावा.

२८ सप्टेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत वाचत बसलो. काही हौशी लोक पंखा काढून टाकतात आणि प्रोसेसर पाण्याने थंड करतात. तांब्याचा पोकळ ठोकळा त्यावर घट्ट बसवायचा, पंपाने त्यातून पाणी फिरवायचं, तापलेलं पाणी गाडीच्या हीटरच्या जाळीतून नेऊन निववायचं आणि परत आणायचं. एकाने लिहिलंय, “यंत्र चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागतं.”

माझं काम औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या कागदावरचा मजकूर तपासण्याचं. चक्कर, मळमळ, क्वचित अंगावर पुरळ. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलो, पण हाताने काही बनवल्याला वीस वर्षं झाली. तरी ते वाक्य मी दोनदा वाचलं.

३० सप्टेंबर, शनिवार

जांगानप्योंगला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारातून हीटरची जाळी आणली. मोडीत काढलेल्या लहान गाडीची आहे. धुतली तर काळं पाणी निघत राहिलं.

मग दोंगदेमुनजवळच्या माशांच्या दुकानांच्या ओळीत गेलो. मला सगळ्यात कमी आवाजाचा पंप हवा होता. दुकानदाराने विचारलं, “मासे कोणते आहेत?”

“मासे नाहीत.”

“मग पाणी कोणासाठी हलवायचंय?”

मी म्हटलं, कॉम्प्युटरसाठी. “कॉम्प्युटरला खायला काय घालता?” असं म्हणून त्याने पंप पिशवीत घातला, वर फुकट एक जाळीचा डाव दिला. मासे घ्यावेसे वाटले तर असावा म्हणून.

६ ऑक्टोबर, छुसॉक

सुगीचा सण, म्हणून पितरांचं पान मांडलं. ताई तिच्या सासरी, आणि मी एकुलता मुलगा. सगळे पदार्थ बाजारातून तयार आणले. आईला हे चाललं नसतं. एकट्याने मांडलं, एकट्याने वाकलो, मग एकट्याने तेच जेवलो. पूजा होईपर्यंत कॉम्प्युटर बंद ठेवला. त्या घरघरीत आईबाबांना बोलावणं बरं दिसलं नसतं.

८ ऑक्टोबर, रविवार

हानसोलचे केस ओले होते, मागे खुर्चीवर टॉवेल होता. मी म्हटलं, केस पूस, सर्दी होईल. मग ती काहीतरी सांगत होती, पण पंखा मध्येच जोर धरतो तेव्हा मला नुसते ओठ हलताना दिसतात. मी मान हलवली. मग तिच्या बाजूने आवाज गेला.

ताई विचारत होती की मागच्या वर्षी किमचीचं लोणचं भरून दिलेला तिचा मोठा डबा कुठे आहे. मी म्हटलं, आहे. तो आहे, पण त्यात आता पंप आहे. त्याचं झाकण चारही बाजूंनी कडक बसतं, पाणी अजिबात सांडत नाही. तीन वेळा घासला, तरी लसणाचा वास आहेच.

१४ ऑक्टोबर, शनिवार

तांब्याच्या ठोकळ्यासाठी उल्जिरोच्या लेथवाल्यांच्या गल्लीत गेलो. दोघांनी एकच नग म्हणून नकार दिला. तिसरा, मेंग नावाचा, साठीचा, सतत बोलणारा माणूस, म्हणाला, “या गल्ल्यांतून एक फेरी मारली ना साहेब, तर पाणबुडी तयार होऊन बाहेर पडते. तुमचा ठोकळा काय चीज आहे. पण कशासाठी?”

मी सांगितलं. आवाज, रविवार, ऑकलंड.

“अच्छा, रानहंस.” त्याने हात पुसले. “जे मनात येईल तेव्हा विमान पकडतात ते गरुड बाप. वर्षातून एकदा जातात ते रानहंस. आणि ज्यांना जाताच येत नाही ते पेंग्विन. तुम्ही नक्की कोणते?”

मी म्हटलं, अजून हंस आहे.

“बघा हं. पाण्याच्या नादाला लागलात, म्हणून विचारलं.” स्वतःच्या विनोदावर तो बराच वेळ हसला. मग मशीन सुरू करता करता म्हणाला, “माझा पोरगा माझ्याच घरात राहतो. तो तरी कुठे माझ्याशी बोलतो. तुमचा निदान रविवार ठरलाय.”

ठोकळा सुंदर झाला आहे. आत पाण्यासाठी नागमोडी वाट कोरली आहे. ती आता झाकणाखाली गेली, पुन्हा कोणालाच दिसणार नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

ठोकळा गळतो. नळी बसवायची तोटी मेंगने वाकडी बसवली आहे. दाखवल्यावर म्हणाला, “तोटी सरळ आहे, साहेब, तुमची नळी वाकडी आहे.” मग चष्मा लावून पाहिली आणि काही न बोलता नवी बसवून दिली. वर कॉफी पाजली.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आज गळती तपासली. पंप चालू करायचा, कॉम्प्युटर बंद ठेवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू कागद ठेवायचा आणि दिवसभर बघत राहायचं. कागद ओला झाला तर चूक.

सकाळपासून पाण्याकडे बघत होतो. नळीत सुरुवातीला बुडबुडे होते, ते एकेक करून डब्यात परत आले आणि संपले. मग पाणी फिरतंय की नाही हेही कळेना. दुपारी घरमालकीण पाण्याचं बिल द्यायला आली. मी जमिनीवर पालथा पडून कागद न्याहाळत होतो. ती म्हणाली, “काही हरवलं का?” मी म्हटलं, नाही, काही हरवू नये म्हणून बघतोय. ती बिल ठेवून पटकन गेली.

कागद कोरडे राहिले. सगळा संसार जमिनीवरच मांडला आहे: बसकं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, शेजारी डबा, त्याला टेकून हीटरची जाळी, जाळीसमोर एक मोठा पण अगदी मंद पंखा, बोटाने थांबवता येईल इतका मंद. मग जुना पंखा काढून ठेवला आणि कॉम्प्युटर सुरू केला.

खरंच हात लावून बघावं लागलं.

२९ ऑक्टोबर, रविवार

ठरवलं होतं की तिला काही सांगायचं नाही. तिच्या आपोआप लक्षात आलं पाहिजे.

“जेवलीस का?”

“हो.”

“अभ्यास?”

“चाललाय.”

तिचा आवाज किती स्पष्ट येत होता. तिच्या मागे कुठेतरी कुत्रा भुंकला तेही ऐकू आलं. केस ओले होते. मी म्हटलं, केस पूस, सर्दी होईल. “बाबा, इथे उन्हाळा येतोय.” मी म्हटलं, तरीही. मग मी घसा साफ केला आणि म्हटलं, “हानसोल, डिसेंबरात...”

ती म्हणाली, “बाबा, तो आवाज आजपण येतोय. मला नीट ऐकू येत नाहीये. पुढच्या रविवारी बोलू?”

मी बरं म्हटलं.

कॉल संपल्यावर खोलीच्या मध्यभागी उभा राहून ऐकलं. फ्रिज. नक्कीच फ्रिज असणार. पंख्यामागे तो इतके दिवस लपला होता, आणि मी मूर्खासारखा पंख्यालाच दोष देत होतो.

५ नोव्हेंबर, रविवार

फ्रिजची पिन काढली. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. खिडकीच्या फटीत चिंध्या भरल्या. पाण्याच्या कामाबद्दल तिला अजून काही बोललो नाही; पूर्ण जमल्यावरच सांगावं.

तरीही ती म्हणाली, आवाज येतोय. मी विचारलं, कसला, घूं असा की टिकटिक? ती थांबली. “माहीत नाही. आवाज आहे.” मुलीला उलटतपासणी घेतल्यासारखं वाटलं असेल. ते विचारायला नको होतं.

नंतर तोच मायक्रोफोन लावून, मी तिच्याशी जसा बोलतो तसा बोलून रेकॉर्ड केलं आणि हेडफोन कानाला लावून ऐकलं. घरघर नाही. टिकटिक नाही. एक माणूस दर वाक्याआधी घसा साफ करतो आणि ‘जेवलीस का’ दोनदा विचारतो. पहिल्यांदा विचारल्याचं त्याच्या लक्षात राहिलेलं दिसत नाही.

तिला हाच आवाज त्रास देत असेल का, घशाचा? शक्य आहे. जवळून मायक्रोफोनमध्ये तो मोठा वाटत असणार.

१२ नोव्हेंबर, रविवार

आज घसा एकदाही साफ केला नाही. ती म्हणाली, आवाज आहे. कॉल छोटा झाला.

फ्रिज बंद ठेवला होता तो चालू करायचा राहिला आणि उरलेली किमची पार आंबून गेली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

ताईकडे वर्षाची किमची घालून झाली. आज ती माझा वाटा घेऊन आली. चपला काढून आत पाऊल टाकलं आणि पाय वर उचलला.

“ग्यूनहो, अरे, ही जमीन आहे की बर्फ? बॉयलर बिघडलाय का?”

मी म्हटलं, बिघडला नाही, लावत नाही. एकट्यासाठी कशाला खालून गरम पाणी फिरवून जमीन तापवायची, दोन मोजे घातले की भागतं.

“या खोलीत मेलेला माणूससुद्धा आजारी पडेल.” मग तिला डबा दिसला. आत बुडालेला पंप, बाहेर आलेल्या नळ्या. “आणि माझ्या डब्यात हे काय पाळलंयस? साप?”

मी तिला सगळं समजावून सांगितलं. पाणी कसं जातं, कसं निवतं, कसं परत येतं. ती कोट न काढता ऐकत बसली. तिने नळीला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, “हे सगळं तू हानसोलला दाखवलंस?”

“नाही. अजून थोडा आवाज येतो म्हणते ती.”

ताई खोलीत इकडेतिकडे बघत राहिली. मग एकदम उठली आणि फ्रिजमध्ये किमची भरू लागली. “पोरगी येणार म्हणतोस ना? तिला या बर्फावर झोपवणार? आधी जमीन तापते का बघ. डबा मला नको. राहू दे तुझ्या सापाला.”

जाताना तिने माझ्या कोटाचं बटण लावलं. मी लहान असताना लावायची तसं. का ते कळलं नाही. मी कुठे बाहेर चाललो नव्हतो.

१९ नोव्हेंबर, रविवार

नीट, क्रमाने लिहितो.

ताईचं म्हणणं पटलं. हानसोलला कॅमेऱ्यातून उबदार खोली दिसली, तर यावंसं वाटेल. दुपारीच बॉयलर पूर्ण उघडला. जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरू लागलं, वर्षभर पडून असलेल्या जागी ऊब आली. भिंतीकडचा कोपरा सगळ्यात जास्त तापतो, तीच मानाची जागा, म्हणून तिची गादी तिथे घातली. ऊब धरून राहावी म्हणून वर जाड रजई पसरली, घरोघरी पसरतात तशी. आईही पसरायची, आणि बाबांच्या भाताचं भांडं तिच्याखाली ठेवायची.

पाच वाजता कॅमेरा वळवून तिला गादी दाखवली. ती म्हणाली, “ती माझी रजई आहे? फुलांची?” मी म्हटलं, हो, जपून ठेवली आहे. ती आवाजाबद्दल काही बोलली नाही. हीच वेळ, असं वाटलं. मी घसा साफ केला नाही. विचारलं, “हानसोल, डिसेंबरात घरी येशील?”

तिने एका बाजूला बघितलं. मग सरळ कॅमेऱ्यात. एक मोठा श्वास घेतला, तोंड उघडलं.

पडदा काळा झाला.

डबा आणि हीटरची जाळी त्याच कोपऱ्यात जमिनीवर होती. रजईची कडा जाळीवर आली होती. डब्यातल्या पाण्याला हात लावला तर अंघोळीच्या पाण्याइतकं कढत. प्रोसेसर तापला आणि यंत्र स्वतःहून बंद पडलं. खालचं पाणी ऊब आणत होतं आणि वरचं पाणी ऊब काढून न्यायला बघत होतं, आणि त्यांची गाठ मीच घालून दिली होती.

फोन केला. तिच्या आईने उचलला.

“अहो, ती आत गेली. रडतेय थोडी.”

“कॉम्प्युटर बंद पडला. मला उत्तर ऐकू आलं नाही. तिला सांग, तिच्यामुळे नाही, पाणी तापलं.”

“कसलं पाणी?”

“ते राहू दे. काय म्हणाली ती?”

ती हळू म्हणाली, “जानेवारीत पोहण्याचं शिबिर आहे, डिसेंबरभर त्याचा सराव. तिची निवड झालीय. सबंध शहरातून थोड्याच मुली घेतात. तिने सांगितलं होतं की तुम्हाला.”

“कधी?”

“मागेच, ऑक्टोबरात. तुम्ही मान हलवलीत म्हणे. मग ती म्हणाली, बाबांना ऐकू गेलं नसेल, पंखा होता. परत सांगायचं तिला जमेना.”

मी विचारलं, ती आता फोनवर येईल का.

“आज नको. तिने एकदा सांगितलंय हो. तुम्हाला ऐकू नाही गेलं, पण तिने सांगितलं.”

२१ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातून परतताना मेंगच्या दुकानावरून गेलो. त्याला यंत्र कसं बंद पडलं ते सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण त्याने डोक्याला हात लावला.

“मीही तिथेच ठेवलं असतं हो. आपलं सगळं जमिनीवरच.” मग म्हणाला, “आता खिडकीत ठेवा. बाहेर हिवाळा, फुकटची थंडी. नळ्या थोड्या लांब लागतील, बाकी काही नाही. आवाजाचं काय झालं, गेला ना?”

“गेला.”

“मग लेक खूश असेल.”

मी म्हटलं, तिची पोहण्याच्या शिबिरासाठी निवड झाली आहे. मेंगने लेथ बंद केली आणि शेजारच्या दुकानात ओरडून सांगितलं की साहेबांची मुलगी समुद्रापारच्या देशात पोहण्यात निवडली गेली. दोन अनोळखी माणसं माझं अभिनंदन करून गेली. मला ते आधी सुचलं नव्हतं, की ही अभिनंदनाची गोष्ट आहे.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज पाणी काढलं. ठोकळा उतरवला, डबा घासून पालथा घातला, जुना पंखा परत बसवला.

कारणं लिहून ठेवतो. एक, हिवाळ्यात जमीन तापवावीच लागणार. दोन, घरी जोडलेल्या नळ्यांचा वर्षानुवर्षं भरवसा नाही, आणि गळती झाली तर घरमालकिणीचं नुकसान. तीन, माशांच्या टाकीचा पंप या कामासाठी बनवलेला नाही. मेंग म्हणतो तसं खिडकीत ठेवलं की पहिलं कारण निकालात निघतं, हे मला कळतं. बाकीची दोन खरी आहेत. मी ती तपासली आहेत.

आमच्या औषधांच्या कागदांवर कारणांचा क्रम महत्त्वाचा असतो. सगळ्यात मोठं आधी यायला हवं. इथे तसं झालेलं नाही, हेही लिहून ठेवतो. महिनाभर खपून मी या खोलीतला आवाज घालवला. त्यानंतरच्या तीन रविवारी एक तेरा वर्षांची मुलगी मला सांगत राहिली की आवाज येतोय. ती खोटं बोलणारी मुलगी नाही. तिला तसं राहता आलं पाहिजे.

पंखा सुरू केला तर विसरूनच गेलो होतो, किती मोठा आवाज आहे त्याचा.

२६ नोव्हेंबर, रविवार

ती थोडी उशिरा आली. डोळे खाली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “बाबा, आवाज...” आणि थांबली. कान पडद्याकडे नेला. “बाबा, आज खरंच काही ऐकू येत नाहीये.”

मी म्हटलं, “पंखा आहे.”

“काय?”

“पंखा!”

“मग पुढच्या रविवारी...”

“थांब,” मी म्हटलं. “पोहण्याचं सांग.”

“काय?”

“पोहण्याचं! सांग मला!”

ती बघतच राहिली. मग खुर्ची पुढे ओढली, मायक्रोफोन तोंडाजवळ घेतला आणि ओरडून सांगू लागली. ती पाठीवर पोहते. पाठीवर पोहताना समोरची भिंत दिसत नाही, डोकं आपटायची भीती असते. म्हणून पाण्यावर एक दोरी बांधून तिला छोटे झेंडे लावतात. झेंडे डोक्यावरून गेले की किती हात मारायचे ते ठरलेलं असतं, आणि मग हात मागे टाकला की बरोबर भिंत येते.

“आणि नाही आली तर?” मी ओरडलो.

“तू जोरात बोल ना, बाबा!”

“भिंत नाही आली तर!”

“येतेच! तिला कुठे जायचंय?”

शेजारच्याने भिंतीवर दोनदा ठोकलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. सुरुवातीला एका मुलीच्या तोंडावर तिचा हात बसला होता, ते तिने हातवारे करून दाखवलं. मधलं बरंच मला ऐकू आलं नाही, पण मान हलवायच्या ऐवजी दर वेळी ‘काय?’ म्हणून विचारलं, आणि ती दर वेळी पुन्हा सांगत होती. डिसेंबराबद्दल मी काही विचारलं नाही. जेवलीस का, हेही विचारायचं राहून गेलं.

शेवटी आत तिची आई हाका मारत असावी. ती उठली, मग परत वाकून कॅमेऱ्यात आली.

“बाबा, जेवलास का?”

“जेवलो!” मी ओरडून सांगितलं.

जेवलो नव्हतो. कॉल संपल्यावर आधी भात लावला.